अनवाणी रविवार

वडील, आमचे आबा, गेले त्या वर्षी मी दर रविवारी शेतात जाऊ लागले. हर्सूलहून बसनं क्रांती चौक, तिथून पैठण रोडची रिक्षा, चितेगाव आलं की उतरायचं. बांधावर चप्पल काढायची आणि ओल्या वाफ्यातून चालत राहायचं. आबा आयुष्यभर अनवाणी राबले होते. पायाखाली चिखल लागला की ते पुढं कुठंतरी पाण्याची दारं धरत असतील असं वाटायचं. दादा, माझा मोठा भाऊ, लांबून बघायचा.

दिवाळीनंतर केस गळायला लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग न्हाणीच्या जाळीत पुंजके. शेजारीण म्हणाली, बोअरचं पाणी जड आहे. नवरा म्हणाला, तू आबांचा विचार फार करतेस. मी कांद्याचा रस लावला, तीन तेलं बदलली. वेणी बोटाएवढी उरली. ऑफिसचा एक जिना चढताना धाप लागायची, तेही मी दुःखाच्याच खात्यावर टाकलं.

शेवटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी केस नंतर बघितले, आधी डोळ्याची खालची पापणी ओढली.

"पायाला कधी खाज सुटली होती? बोटांच्या बेचक्यात?"

"पावसाळ्यात सुटली होती. चिखल्या असतील म्हणून सोडून दिलं."

"शेतात अनवाणी जाता?"

मी हो म्हटलं. का जाते ते सांगितलं नाही.

रक्त तपासलं, शौच तपासलं. रक्त फार कमी निघालं आणि जंतांची अंडी सापडली. आमच्या बांधापलीकडं कंपन्यांच्या मजुरांच्या झोपड्या आहेत, संडास नाही. माणसं बांधालाच बसतात. त्या मातीतून जंतांच्या बारीक अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, असं बाईंनी सांगितलं.

"म्हणजे जंतांमुळं केस गेले?"

"जंत केसांना हात लावत नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. रक्तातलं लोह कमी झालं की काहींचे केस गळतात. प्रत्येकाचे गळतील असं नाही, आणि केस गळायला इतरही कारणं असतात. तुमच्या बाबतीत मला हेच दिसतंय. जंतांचं औषध घ्या, लोहाच्या गोळ्या काही महिने चालू ठेवा. केसांना वेळ लागेल. आणि शेतात बूट घाला."

घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असंही त्या म्हणाल्या. आईला फोन करून सगळं सांगितलं.

"तुझ्या आबाला पण शेवटी शेवटी लई धाप लागायची," ती म्हणाली. "दोन सऱ्या झाल्या की बसायचे. तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हणायचे, वय झालं."

"आई, त्यांचं वेगळं असेल."

"असंल. पण दाखवलं नाय ना आपण कुणाला."

आबांना काय झालं होतं ते आता कळणार नाही. पण त्या दिवसापासून ते आठवले की बांधावर बसलेले, एका हातानं गुडघा धरून दम घेणारेच आठवतात.

पुढच्या रविवारी दादानं माझ्यासाठी रबरी बूट आणून ठेवले होते. ते घालून मी वाफ्यात उतरले. चिखलाचा गारवा आत येत नव्हता. दहा पावलं चालले आणि रडू आलं. दादा दुसरीकडं बघत उभा राहिला.

गोळ्यांच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात कपाळावर बारीक केस उभे राहिले, बसवले तरी न बसणारे. आता वेणी आधीएवढी नसली तरी वेणी आहे. जिन्यात थांबावं लागत नाही. दादाच्या तपासणीतही जंत निघाले, त्यानंही औषध घेतलं आणि तोही आता बूट घालतो.

गेल्या रविवारी तो म्हणाला, "आले की गं केस."

"आले," मी म्हटलं.

मग पाणी कुठवर पोचलं ते बघायला आम्ही निघालो. पाऊलवाट अरुंद आहे, तरी दोघंही शेजारी शेजारी चालत होतो. पुढं कुणीच दारं धरत नव्हतं.