शिसं धरून ठेवणारं औषध

गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, शिसं वितळवून नव्या पट्ट्या ओतायच्या, यात बॅटरीवाल्याचं अर्धं आयुष्य गेलं. पोटात कळा यायच्या, तो गोळी घेऊन कामाला लागायचा. एका सकाळी मात्र दुकानाचं कुलूप उघडताना उजवं मनगट उचलेचना. हात लुळा लोंबत राहिला.

रक्त तपासलं, तर त्यात शिसं साचलेलं. दवाखान्यात दाखल करून सलाईनमधून औषध सुरू झालं. दुपारी मेहुणी भेटायला आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची.

"हे औषध शिशाला पकडतं म्हणे. ते कसं गं?" त्यानं विचारलं.

"भाऊजी, नेहमीच्या सहसंयुज बंधात दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात आणि ती जोडी दोघं मिळून वापरतात. समन्वय बंधात अख्खी जोडी एकाच अणूकडून येते. औषधातल्या नायट्रोजन-ऑक्सिजनकडे अशा जोड्या तयार असतात. शिसं फक्त जागा देतं."

"म्हणजे फुकट्याच की मेला!"

उशाशी बसलेली बायको कितीतरी दिवसांनी हसली.

"पण असा एकतर्फी बंध कच्चा नसतो ना? मध्येच शिसं सुटलं तर?" त्यानं विचारलं.

"एकदा जुळला, की इलेक्ट्रॉन कुणी दिले याला महत्त्व नाही. जोडी दोघांचीच होते. शिवाय औषधाचा एकच रेणू शिशाला चहूबाजूंनी धरतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो."

त्याला जरा धीर आला, पण लगेच चेहरा उतरला. "अगं, शिशाच्या धुळीनं मळलेल्या कपड्यांनीच मी रोज आपल्या धाकटीला कडेवर घ्यायचो."

"मी सकाळीच तिचं रक्त तपासायला देऊन आलेय," बायको हळूच म्हणाली. "तुम्हाला बोलले नव्हते."

रिपोर्ट येईपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी बायको दारातूनच म्हणाली, "अहो, काही नाही निघालं! अगदी ठीक आहे ती." तो उशीत तोंड खुपसून हमसाहमशी रडला. मग म्हणाला, "भूक लागलीय गं."

मनगटात जोर यायला काही महिने लागले, पण आला. शिसं वितळवणं त्यानं कायमचं सोडलं. आता तो तयार बॅटऱ्या बसवून देतो. संध्याकाळी दुकानातच आंघोळ उरकून, कपडे बदलून घरी येतो, आणि धाकटी दारातच त्याच्या अंगावर उडी घेते.