विमल कोणत्याच यादीत नव्हती

"भाऊ, आता तो कागद नको." विमलची सून मनीषा फोनवर एवढंच बोलली. मागे बायकांचे आवाज येत होते... मी काय ते समजलो. त्याला आज पाच आठवडे झाले. विमल आमच्या काजूच्या कारखान्यात सव्वीस वर्षं राबली आणि मी तिथला हजेरी कारकून. तिने मागितलेला कागद चार ओळींचा होता. तो लिहायला मी अकरा दिवस लावले, तोवर ती गेली.

कारखाना रत्नागिरीबाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर होता. बी भट्टीत भाजायची, फोडायची, गर सोलायचा आणि शेवटी आकाराप्रमाणे निवडायचा. भट्टीवर पुरुष, बाकी सगळीकडे बायका. पण निवडीच्या टेबलाशी, पंख्याखाली बसायच्या त्या गावातल्या. फोडणीच्या शेडमध्ये बौद्धवाडीतल्या. टरफलाच्या तेलाने बोटं भाजतात, काळी पडतात. तरी फोडणीची मजुरी निवडीपेक्षा कमी. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असे, की काळ्या हातांचे डाग पांढऱ्या गराला लागतात म्हणून फोडणीच्या बायका निवडीला चालत नाहीत. हे उत्तर मीही अनेकांना दिलं आहे. विमल पहिल्या दिवशी नाव सांगायला माझ्या खिडकीशी उभी राहिली तेव्हा तिचे हात स्वच्छ होते. मी गाव विचारलं, वाडी विचारली आणि नावापुढे 'फोडणी' लिहिलं. मालकांनी मला तसं कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही.

काही वर्षांनी एक भट्टीवाला अचानक मुंबईला निघून गेला. नवा माणूस बी करपवू लागला. एक दिवस विमल फोडणीवरून उठून ओरडत भट्टीकडे धावली, "काडा ओ भायेर, करपंल आता!" बाहेर काढली तर बी नेमकी भाजलेली होती. धुराच्या वासावरून तिला ते कळत असे. दुसऱ्या दिवसापासून ती भट्टीवर उभी राहिली, ती नऊ वर्षं. काजूच्या टरफलाचा धूर चुलीच्या धुरासारखा नसतो. तो घसा खरवडतो, छातीत बसतो. शेजारच्या भट्टीवर उभ्या असलेल्या पुरुषाला तिच्या जवळजवळ दुप्पट मजुरी होती. हजेरीपटावर मात्र मी तिच्यापुढे नऊ वर्षं 'फोडणी'च लिहीत राहिलो.

मधल्या काळात दोनदा मजुरी वाढली. पहिल्यांदा निवडीच्या बायका मालकांकडे गेल्या. बायकांची मजुरी वाढली, असंच सगळे म्हणत होते; प्रत्यक्षात वाढली ती निवडीची. पुढच्या वर्षी भट्टीवरचे पुरुष अडून बसले. त्यांत विमलच्या वाडीतले दोघे होते. त्यांनाही वाढ मिळाली. यादी मीच केली. ती लागली त्या दुपारी विमल खिडकीशी आली.

"भाऊ, माजं नाव कुठाय?"

"तू फोडणीत ना?"

"मग भट्टीवर कोण उभं रवतंय, माजं भूत?"

रांगेतले हसले. मीही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "बायकांची मजुरी वाडली तेवा मी वाडीची. वाडीतल्या बाप्यांची वाडली तेवा मी बाई. निवडीतल्या सावंतीणबाईंना तुमी वयनी म्हणता, मला इमल. तेचं काय नाय. पण कुठंतरी लिवा की मला!" मी 'बघू' म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

विमलने आणि मी काम सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. यंदा मालकांच्या मुलाने जुन्या भट्टीवाल्यांना छातीच्या उपचारासाठी कोल्हापूरला न्यायचं ठरवलं. ज्यांच्या नावापुढे 'भट्टी', त्यांनाच. विमल रिक्षा करून माझ्या घरी आली. पायऱ्या चढताना दोनदा बसली. "तुमी लिवून दिलंत तर नेतील म्हनं. मी भट्टीवर होती, एवडंच." एवढंच... पण ते लिहायचं म्हणजे नऊ वर्षं मी खोटं लिहिलं हेही लिहायचं. मी म्हटलं, "शब्द नीट जुळवतो, मग पाठवतो." कोल्हापूरने ती वाचली असती का, मला माहीत नाही. तिला तिथे जाता आलं नाही ते माझ्यामुळे, हे माहीत आहे.

पंधरवड्यापूर्वी तो कागद घेऊन मी वाडीत गेलो. मनीषाने वाचला आणि घडी घालून परत माझ्या हातात दिला. "आईंना आता कशाला? दुसरा लिवा. माजा." ती त्याच कारखान्यात आहे. भट्टी गेली, वाफेचा बॉयलर आला. त्यावर ती उभी असते आणि ठेकेदाराच्या यादीत तिच्यापुढे 'झाडलोट' आहे.

"मला आता तिथे कोण विचारतं?" मी म्हणालो.

"इचारू नुको. बगायला तरी या."

मागच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. तिच्या बाकावर मी तीन दिवस सकाळी बसलो. शेडचं दार उकाड्यामुळे उघडंच असतं. मनीषा झडप फिरवते, वाफ सोडते, तापलेली बी ओढून काढते. तिन्ही दिवस तिच्या हातात झाडू दिसला नाही. दुसऱ्या दिवशी रखवालदाराने विचारलं, "काय भाऊ, हल्ली हिकडं?" तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने बाकाला खेटून मोटारसायकल लावली. मी उठेपर्यंत तो तिच्यावर बसून राहिला.

मी मनीषाला म्हटलं, पेपरात लिहितो, पण नाव गाळून. ती चुलीपाशी होती. वळून म्हणाली, "परत गाळताय?"

म्हणून नावासकट लिहितो. विमल नऊ वर्षं भट्टीवर होती; ते मी रोज पाहिलं आणि खोटं लिहिलं. मनीषा बॉयलरवर आहे. तेही मी पाहिलं. हे रविवारी छापून येईल. सोमवारी सकाळी सातला तिची पाळी आहे. तिला आत घेतात की नाही ते पाहायला मी गेटवर उभा असेन.