कशात विरघळत नाही?

पाण्यात विरघळत नाही, एवढंच ऐकून तुम्ही कुणाला आपल्या अंगणात कारखान्याचा गाळ पसरू द्याल का?

सुमित्राक्का देणाऱ्यांतल्या नव्हत्या. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या खासगी प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तिथे त्या सगळ्यांत जुन्या. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. कुठलाही अहवाल हाती आला की लाल पेनानं समासात एकच शब्द लिहायच्या : ‘कशात?’ वर म्हणायच्या, "विरघळत नाही म्हणतोस. बरं. कशात, ते सांग की!"

एकदा तांब्याचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचा निळसर गाळ तपासायला आला. मालकाला तो वस्तीलगतच्या खोलगट जागेत भरायचा होता. तिथे बायका पालेभाजी लावत. अहवालात त्याला ‘अविद्राव्य’ एवढाच शब्द हवा होता, आणि खाली अक्कांची सही.

अक्कांनी चिमूटभर गाळ दोन नळ्यांत घेतला. एकीत साधं पाणी घातलं. दुसरीत एटीपीचं द्रावण. प्रत्येक जिवंत पेशीत ऊर्जा पुरवणारं संयुग. पहिलीत गाळ तळाशी बसला. दुसरी हळूहळू नितळ निळी झाली.

"ॲसिड टाकलंत मॅडम," मालक हसला. "शाळेतली जादू आम्हाला दाखवता?"

"स्वल्प थांबा सर." त्यांनी मला नळीत कागदाची पट्टी बुडवायला लावली. आम्लाचा लाल रंग आलाच नाही. द्रावणाचा आम्लपणा मारायला त्यांनी आधीच सोडा घालून ठेवला होता. "ॲसिड नाही हे. याला तीन फॉस्फेटांची शेपटी आहे, ऋणभाराची. धनभाराचं तांबं दिसलं की विळखा घालून पाण्यात ओढतंय. मुळांत, जंतूंत, तुमच्या-माझ्या पोटात असलीच फॉस्फेटं आहेत. तुमचा गाळ नुसत्या पाण्याला भेटणार नाही सर, जिवाला भेटणार."

आमचे साहेब वैतागले. "अक्का, त्यांनी फक्त पाण्याची चाचणी मागितलीय. सही करा."

"सरी, ठीक आहे. मग ‘साध्या पाण्यात अविद्राव्य’ असं लिहिते."

त्या जादा दोन शब्दांपायी अक्कांची नोकरी गेली. निघताना त्यांनी लाल पेन माझ्या खिशाला खोचलं. "रडतीस काय गं? कागद आता तुझ्याकडं येईल."

आला. मीही तेच दोन शब्द लिहिले, आणि नोकरी गमावून दुपारीच यशवंतपूरची बस धरून घरी आले.

गाळ अजून कारखान्याच्या आवारात पोत्यांत पडून आहे. मालक तिसरी सही शोधतोय. तुमच्या वस्तीशेजारी कुणी असं काही भरू लागलं, तर आधी अहवाल मागा. ‘अविद्राव्य’ दिसलं की समासात लाल पेनानं लिहा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका : कशात?