सुनंदाची पिवळी पट्टी

माझी बायको सुनंदा गेली, ही बातमी आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर हिरव्या पट्टीत आली. पट्टीच्या कडेला बरोबरची खूण होती, काम फत्ते झाल्यासारखी. मी सगळं आटपून घरी येत होतो. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तर कुणीतरी मोबाईल पुढे केला, बघा काका, सोसायटीने पण श्रद्धांजली टाकली आहे. मी बघितलं आणि तिथेच जिन्यात एक शिवी घातली. लोकांना वाटलं दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं होतंच, पण शिवी त्या हिरव्या रंगाला होती. आमचा सेक्रेटरी भोईर, करावे गावातला, माणूस वाईट नाही. वेबसाइटवरच्या सूचना एरवी सुनंदाच लावायची, त्याने तिच्या वहीत बघून बघून स्वतःच्या हाताने ती पट्टी लावली होती. मला म्हणाला, काळा रंग त्यात नव्हताच काका, चारच आहेत, त्यातला हिरवा मला शांत वाटला. त्याला काय बोलणार... सुनंदा असती तर पोट धरून हसली असती, आणि मग त्याला बसवून शिकवलं असतं.

त्या हिरव्या पट्टीच्या वर अजून एक पट्टी होती, पिवळी. ती सुनंदाची. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिने स्वतः लावलेली. हिरवी भोईरने दुसऱ्या दिवशी काढली. पिवळी अजून आहे. आज सात आठवडे झाले, मी त्या पिवळीपाशी अडकलो आहे. मला काही कळत नाही, म्हणून लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन मुलीने, प्रज्ञाने, सुधारलं आहे. बाकी आहे तसं आहे.

सुनंदा दहावी झालेली होती आणि सव्वीस वर्षं शाळेत शिपाई होती. घंटा तिच्याकडे आणि सूचनावही तिच्याकडे. हेडबाईंनी सूचना लिहिली की वही घेऊन वर्गावर्गात फिरायचं, बाईंनी वाचून दाखवायची, खाली सही करायची. सुनंदा दाराशी उभी राहून पोरांची तोंडं बघायची. कुठली सूचना पोरांच्या कानात शिरली आणि कुठली डोक्यावरून गेली, हे तिला तोंडावरून कळायचं. घंटेचंही तसंच. तासाला एक टोला, मधल्या सुट्टीला तीन, आणि सलग घंटा वाजवायची ती फक्त जीवावर बेतलं तरच. एकदा नवीन मास्तरांनी पोरं लवकर गोळा व्हावीत म्हणून सलग वाजवायला सांगितली, तर तिने नाही वाजवली. मेमो मिळाला. घरी येऊन मला दाखवला आणि जेवायला वाढलं. माझं कामही इशाऱ्याचंच. कळंबोलीला लोखंडाच्या यार्डात पहिली काही वर्षं हमाली केली, नंतर क्रेनखाली उभं राहून वरच्या माणसाला हाताने इशारे देत होतो. सळयांचा भारा हवेत असताना खालचा हात चुकला तर माणूस जातो. एकवीस वर्षांत माझा हात चुकला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

सोसायटीची वेबसाइट आली ती ग्रुपवरच्या भांडणांतून. मोबाईलच्या ग्रुपवर पाणी जाणार आहे असं कुणी टाकलं की त्याच्यावर पंचवीस सुप्रभात आणि फुलं येऊन पडायची, मग पाणी गेलं की बादल्या घेऊन भांडणं. तळमजल्यावर एक कॉम्प्युटरवाला भाडेकरू होता, त्याने वेबसाइट करून दिली आणि सूचना लावायचं कमिटीला शिकवतो म्हणाला. कमिटीतल्या कुणालाच वेळ नव्हता. सुनंदा रिटायर झाली होती, ती म्हणाली, मला दाखव. प्रज्ञाचा जुना लॅपटॉप घरात पडून होताच. आठ दिवस ती त्याच्यासमोर बसली आणि चार पट्ट्या शिकली. हिरवी म्हणजे काम झालं. निळी म्हणजे नुसती माहिती. पिवळी म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे धोका. एका ओळीत रंगाचा इंग्रजी शब्द बदलायचा, मधे आपली सूचना लिहायची आणि शेवटी पट्टी बंद करायची. हे सगळं तिने शाळेच्या उरलेल्या एका वहीत लिहून ठेवलं, शेजारी रंगीत खडूने रंग भरले. पहिल्याच आठवड्यात पट्टी बंद करायला विसरली, तर त्याच्या खालचं सगळं पान, सभासदांची नावं, प्लंबरचा नंबर, गणपतीचे फोटो, सगळं पिवळं धमक झालं. अख्खी बिल्डिंग हळदीला बसल्यासारखी. भोईर मला काका म्हणतो, पण तिला वहिनीच म्हणायचा. हसत वर आला, वहिनी, लग्न कुणाचं? सुनंदा म्हणाली, दार उघडलं ते लावायला विसरले, त्यात एवढं हसायला काय झालं भावजी.

पट्टीच्या कोपऱ्यात एक बारीक फुली असते. पहिल्यांदा मी ती दाबली तर पट्टी गेली, मी घाबरलो, तुझी सूचना पुसली गं माझ्याकडून. तर म्हणाली, तुमच्या मोबाईलवरून गेली फक्त. वाचलं ना, तुमच्यापुरतं झालं. पान परत उघडा, आहे तिथेच आहे. मला हे तेव्हा पटलं नव्हतं. गेली तर गेली, परत कशी येते...

प्रत्येक पट्टी लोकांसमोर जायच्या आधी माझ्यावरून जायची. ती खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि मला हाक मारायची, अहो, जरा वाचा बघू. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचायचो आणि ती माझं तोंड बघायची, शाळेतल्या पोरांचं बघायची तसं. मी अडखळलो की शब्द बदलायची. खंडित लिहिलं होतं, मी अडखळलो, तिने पाणी बंद लिहिलं. तुम्हाला कळलं की सगळ्या बिल्डिंगला कळलं, म्हणायची. हा टोमणा होता की कौतुक, मी कधी विचारलं नाही. मी वाचून ठीक आहे म्हटलं की पट्टी लागायची. माझ्या ठीक आहे शिवाय एकही लागलेली नाही.

लाल तिने सगळ्या वर्षांत दोनदाच लावली. एकदा मीटरच्या खोलीत ठिणग्या उडत होत्या तेव्हा, आणि एकदा टाकीच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा. लाल लागली की सगळ्यांचे मोबाईल वाजतात, दोन्ही वेळेला पाच मिनिटांत बिल्डिंग हलली. एरवी भोईर मागे लागायचा, वहिनी, जिन्यात स्कूटर लावणाऱ्यांसाठी लाल टाका, ओल्या कपड्यांचं पाणी गळतं त्यासाठी लाल टाका, पिवळीला कोण भीक घालत नाही. ती ऐकायची नाही. एकदा आमच्याच घरात बसून तो तासभर वाद घालत होता. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "भावजी, लाल म्हणजे माणूस जाईल अशी गोष्ट. रोज लावली तर ज्या दिवशी खरंच जाईल त्या दिवशी तुमीच फुली मारून झोपाल." भोईर चहा अर्धा टाकून गेला. दोन दिवस बोलत नव्हता.

यंदा तिला दम लागायला लागला. भाजी घेऊन येताना पहिल्या मजल्यावरच पिशवी खाली ठेवायची. मला म्हणाली, ऍसिडिटी आहे. मग जेवण कमी झालं. मी म्हटलं डॉक्टरला दाखव, तर प्रज्ञाबरोबर जाऊन आली, मग अजून एकदा गेली, मग तपासण्या. तिसऱ्या खेपेला मी पण गेलो, पण मला बाहेर बाकावर बसवलं, नंबरची चिठ्ठी सांभाळायला. घरी येताना म्हणाली, पोटात गाठ आहे, छोटं ऑपरेशन आहे, आठ-दहा दिवसांत घरी. मी बरं म्हटलं. प्रज्ञाला आता मी विचारतो, डॉक्टर काय म्हणाले होते? ती म्हणते, पप्पा, मला पण गाठच सांगितली, मोठी आहे म्हणाले, पण मी मधे केसपेपर आणायला खाली गेले होते, दहा मिनिटं आई एकटी आत होती. त्या दहा मिनिटांत काय बोलणं झालं ते प्रज्ञाला माहीत नाही. मला तर नाहीच.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने पिशवी भरली आणि मग लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसली. मी टीव्ही बघत होतो. हाक आली, अहो, जरा वाचा बघू. मी उठलो, दारात उभा राहिलो, वाचलं. काही दिवस मी नाही. सूचना उशिरा लागतील. सांभाळून घ्या. खाली सुनंदा. पट्टी पिवळी. मी अडखळलो नाही, कारण शब्द सोपे होते. ठीक आहे म्हटलं आणि वळलो. तर ती म्हणाली,

"पिवळीच ना? लाल नको ना?"

"लाल कशाला? तू काय मरतेस काय?"

ती हसली. मी पण हसलो. तिने पट्टी लावली, लॅपटॉपवर टॉवेल टाकला आणि भात टाकायला उठली. मी टीव्हीसमोर जाऊन बसलो.

ऑपरेशन झालं, त्यानंतर ताप आला, अकराव्या दिवशी ती गेली.

आता मला सांगा, तिने काय विचारलं होतं? नेहमीसारखं पट्टीचं विचारलं असेल. नेहमी विचारायचीच ती, निळी चालेल का, पिवळी टाकू का. मग लाल कुठून आली? जी बाई शाळेचा मेमो खाईल पण उगाच सलग घंटा वाजवणार नाही, जिने भोईरला लालसाठी घरातून उठवलं, ती 'सूचना उशिरा लागतील' एवढ्यासाठी लालचं नाव काढते? मला वाटतं तिला माहीत होतं. मग वाटतं, माहीत असतं तर तिने सांगितलं नसतं का, चाळीस वर्षं ती मला मिठाची पुडी संपली तरी दोनदा सांगायची. मग वाटतं, सांगितलंच की... दारात उभं करून, तोंडाकडे बघत सांगितलं. आणि मी अडखळलो नाही. ज्याने एकवीस वर्षं वरच्या भाऱ्याकडे बघून हात हलवले, त्याला समोरची बाई दिसली नाही. प्रज्ञा म्हणते, पप्पा, तुम्ही नको तेवढा विचार करता, आईने मस्करी केली. असेल. पुण्यानुमोदनाला आलेल्या बायकाही तेच म्हणाल्या, ती होतीच मस्करी करणारी. मी सगळ्यांचं ऐकतो. सकाळी उठलो की परत तिथेच.

मागच्या रविवारी भोईर आला. सूचनांचं काम आता दुसऱ्या मजल्यावरची मेश्रामबाई बघणार होती. त्याला विचारायचं होतं ते तो टाकीवरून, बिल्डिंगच्या रंगावरून फिरवून फिरवून बोलत होता. मीच म्हटलं, पिवळी काढायची आहे ना? तो म्हणाला, लोक विचारतात काका. सूचना आता उशिरा लागत नाहीत, आणि खाली वहिनींचं नाव... नवीन माणसाला कळत नाही. मी म्हटलं, मी काढतो. तुम्हाला येतं का, असं तो बोलला नाही, पण बघितलं तसंच.

सोमवारी सकाळी मी लॅपटॉपवरचा टॉवेल काढला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखतो, ट्रकचे नंबर वाचून वाचून. सुनंदाच्या वहीत सगळं पायरीपायरीने आहे, कुठे दाबायचं तेही चित्र काढून. पिवळीची ओळ सापडली. काढायचीच होती. पण वहीत शेजारी लाल खडूचा चौकोन होता आणि त्याच्यापुढे त्या रंगाचा शब्द. एकेक अक्षर बघून मी पिवळीच्या जागी तो लिहिला आणि लावला. मला फक्त बघायचं होतं. लाल पट्टीत तेच शब्द कसे दिसतात ते बघायचं होतं. काही दिवस मी नाही. सांभाळून घ्या... तेच शब्द, तेच नाव. मला ते वाचवेना. पहिल्या ओळीतच अडखळलो.

तेवढ्यात दार वाजलं. मेश्रामबाई, हाताला कणीक तशीच. तिच्या मागे भोईर, बनियनवर, दोन-दोन पायऱ्या एकदम चढून आलेला, धापा टाकत. त्याच्या मागे वरच्या मजल्यावरचे दोघं, मी ज्यांच्याशी वर्षभर बोललो नव्हतो. मीटरच्या खोलीच्या वेळेला आली होती तशी माणसं जिन्यात उभी. भोईर म्हणाला, "काका, लाल का लावली? काय झालं?"

"काही नाही. बघत होतो."

"काय?"

मी दारात उभा राहिलो आणि रडलो, तोपर्यंत रडलो नव्हतो. मेश्रामबाईने हात धुतले आणि चहा टाकला. भोईर स्टुलावर बसणार होता, मग त्याच्या काय लक्षात आलं कुणास ठाऊक, खाली जमिनीवर बसला. चहा पूर्ण प्यायला. जाताना म्हणाला, काढायची घाई नाही काका.

ते गेल्यावर मी परत पिवळी केली. बंद करायला विसरलो नाही.

ती अजून आहे. टाकी धुण्याची निळी मेश्रामबाईने तिच्या खाली लावली आहे. मी सकाळी चहा झाला की मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. पिवळी येते. फुली मारतो, जाते. पान परत उघडतो, आहे तिथेच आहे. मग ती मोठ्याने वाचतो, स्टुलाकडे तोंड करून, शेवटच्या नावापर्यंत. वाचून झालं की ठीक आहे म्हणायची सवय आहे, तोंडाशी येतं.

म्हणत नाही. तसाच उभा राहतो.