तुमचं बोट घसरलं काय जी?

फोनवर पलीकडच्या माणसाने नीट हॅलो म्हणायच्या आतच बाई विचारायच्या, "तुमचं बोट घसरलं काय जी?"

माणूस घाबरायचाच. कोणाला वाटायचं दवाखान्यातून फोन आला, कोणाला वाटायचं कोणीतरी फसवून पैसे काढायला बघतंय. मग बाई खुलासा करायच्या. "मी नागपूरवरून बोलून राहिली. तुम्ही हत्तीच्या तिकिटावर बोली लावली ना, त्यात एक शून्य जास्तीचं दिसून राहिलं. लावाचंच होतं का बोट घसरलं?" पलीकडचा माणूस आकडा पुन्हा बघायचा. मग "अरे देवा!" आणि मग हसू. ते हसू भिंतीशी बसलेल्या मलाही ऐकू यायचं.

बाई पोस्टात काउंटरवर होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी पोस्टाच्या जुन्या तिकिटांचा आणि पाकिटांचा लिलाव सुरू केला, तोही कॉम्प्युटरवर. फोटो आठवडाभर दिसायचे. गावोगावचे शौकीन घरबसल्या आकडे टाकायचे. रविवारी संध्याकाळी लिलाव बंद, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला ती वस्तू पार्सलने जायची.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले होते. एक दिवस पोळ्या झाल्यावर त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, "तुही बोटं बारीक हायेत. चिमट्यानं तिकीट धरता येईल तुले." मी म्हटलं, मला काही येत नाही, मी चौथीच शिकले. "मग शून्य ओळखतेच ना? त्याच्यापुढचं मी पाहून घेईन."

तेव्हापासून दुपारी मी तिकिटं पारदर्शक पाकिटांत भरायची आणि त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या. आकडा मोठा दिसला की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायच्या, "इकडे ये वं. शून्यं मोज."

तिकिटं बाहेर असली की कूलर बंद. मे महिन्यातसुद्धा. बाईंचे यजमान, त्यांना मी साहेब म्हणते, बनियनवर दारात उभे राहून विचारायचे, "आमच्यापेक्षा त्या तिकिटायले गरमी जास्त होते काय?"

"तिकीट उडते. तुम्ही उडत नाही," बाई मान वर न करता सांगायच्या.

बोली लावताना माणसं किती तऱ्हेने चुकतात, ते मी त्या खोलीत पाहिलं. एक डॉक्टर होते. एकाच तिकिटावर ते पुन्हा पुन्हा आकडा वाढवत होते आणि दुसरं कोणी बोली लावतच नव्हतं. बाईंनी फोन केला. "डॉक्टरसाहेब, आपण सोताशीच भांडून राहिले. थांबा थोडे. जिंकलात तुम्ही."

एकदा साध्या बैलाच्या तिकिटावर काही लाखांची बोली आली. मी शून्यं मोजायला गेले तर त्यात शून्यंच कमी. बाईंनी आकडा पाहिला आणि एवढ्या हसल्या की साहेब पेपर घेऊन आत आले. "अवो, हा तर पिनकोड हाय! पत्त्याच्या जागी लिहाचा तो बोलीच्या जागी लिहिला." फोनवर त्या माणसाला म्हणाल्या, "एवढ्यात आम्ही तुम्हाले पोस्ट ऑफिसच देऊन टाकतो जी, पोस्टमास्तरासकट."

आणि एकदा फोन माणसाऐवजी त्याच्या बायकोने उचलला. बाईंनी सवयीने सगळं सांगून टाकलं. पलीकडून आवाज आला, "किती लावले म्हणता?" त्या घरात पुढे काय झालं देव जाणे, पण त्या दिवसापासून बाई आधी विचारून घ्यायच्या, "आपणच बोलून राहिले ना जी?"

साहेबांना हे पटायचं नाही. "लोकं देऊन राहिले अन् तू परत करून राहिली. असा धंदा असते काय?"

"काउंटरवर मी असाच धंदा केला असता, तर पेन्शन नाही, जेलातली भाकर खाल्ली असती तुमच्या बायकोनं."

माझा नवरा कळमन्याला संत्र्याच्या यार्डात हमाली करतो, तिथे लिलाव तोंडी चालतो. त्याला मी हे सांगितलं तर तोही हसला. म्हणाला, "आमच्या इथं तोंडातून आकडा निघाला, का निघाला." बाईंना मी त्याचं बोलणं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "तिथं माणूस माणसाच्या तोंडाकडे पाहून बोली लावते. इथं कोण दिसते वं? म्हणून आवाज ऐकून घ्या लागते."

आवाज ऐकायला मिळाला नाही तर लिलाव बंद व्हायच्या आधी त्या स्वतःच ती बोली काढून टाकायच्या. तोवर एकानेही तक्रार केली नव्हती. उलट लोक संक्रांतीला तिळगुळाचे निरोप पाठवायचे.

मग ते खापा गावचं पाकीट आलं.

जुनं, पिवळं पडलेलं, एका कापडवाल्याच्या नावाचं. त्यावर खाप्याच्या पोस्टाचा शिक्का होता, पण डाव्या अंगाला चांगलाच कललेला. बाईंनी फोटोखाली लिहिलं, "दोष : शिक्का तिरपा." तिरप्या शिक्क्याला शौकीन कमी भाव देतात. बोल्याही तशाच येत होत्या, चहापाण्याच्या. आणि रविवारी दुपारी एकदम मोठा आकडा आला.

"मोज वं."

मी मोजली. बाई म्हणाल्या, "दोन शून्यं जास्ती पडली बिचाऱ्याची." फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. संध्याकाळ झाली. बाईंनी ती बोली काढली आणि पाकीट नाशिकच्या एका गृहस्थांना थोडक्या पैशांत गेलं.

सोमवारी त्या बंद नंबरवरून फोन आला. बोट घसरलेला बिचारा नव्हताच, कोणी बाईमाणूस होतं. आवाज इतका चढलेला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"माझी बोली काहून काढली तुम्ही?"

"अवो ताई, शून्य जास्तीचं..."

"मले शून्य समजत नाही असं कोणी सांगतलं तुम्हाले? मी बुटीबोरीले सुताच्या कारखान्यात हावो. आत फोन नेऊ देत नाहीत. आठवडाभर विचार करून आकडा टाकला मी. तो शिक्का माझ्या बाबाचा हाय!"

मग आवाज खाली आला. तिचे वडील खाप्याच्या पोस्टात शिक्के मारायचे. डावखुरे होते. शिक्का असाच कलायचा. पोस्टमास्तर ओरडले की म्हणायचे, "तारीख वाचता येते ना? मग झालं." वडील गेले. घरात त्यांच्या हातचं काहीच उरलं नाही, कारण त्यांचं सगळं काम दुसऱ्यांच्या घरी पोचायचं. मैत्रिणीच्या मुलाने सहज कॉम्प्युटरवर खापा लिहून पाहिलं आणि हे पाकीट दिसलं.

"अन् तुम्ही त्याच्याखाली दोष लिहिला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाईंनी कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी मी केलेली वांग्याची भाजी तशीच राहिली. साहेब दोनदा येऊन पाहून गेले. कूलरसुद्धा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नाशिकला फोन केला. गृहस्थ कडक होते. "लिलाव संपला. वस्तू माझी. तुम्हीच नियम मोडायला लागलात तर कसं व्हायचं?"

"बरोबर हाय जी तुमचं. चूक माझीच हाय. पण एक सांगा, हे पाकीट तुम्हाले काहून पाहिजे?"

त्यांच्याकडे खाप्याच्या आसपासच्या सगळ्या गावांचे शिक्के होते, खुद्द खाप्याचाच राहिला होता. सरळ मिळत नाही म्हणून तिरपा घेतला, एवढंच.

बाई उठल्या आणि आतल्या कपाटातून स्वतःचा अल्बम घेऊन आल्या. तो त्या मलाही पुसायला देत नसत. त्यातून खाप्याचं एक पाकीट निघालं, शिक्का असा गोल, सरळ, ठसठशीत की माझ्यासारखीलाही कळावं. फोटो पाठवल्यावर नाशिकचे गृहस्थ एकदम मऊ झाले. "हा देताय? मग तो तिरपा ठेवा तुमच्याकडेच."

साहेब म्हणाले, "वा! घरचं सरळ देऊन दुसऱ्याचं वाकडं घेतलं."

"तुम्ही पेपर वाचा," बाई म्हणाल्या. पण हसल्या. संध्याकाळी भाजी गरम करायला सांगितली.

मग फोटोखालचं "दोष" काढून तिथे त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी मला वाचायला लावलं, "शिक्का डाव्या हाताचा." म्हणाल्या, "आता बरोबर हाय ना वं?" मी मान हलवली.

मग बाईंनी बुटीबोरीला निरोप दिला, आणि ती मुलगी सुट्टीच्या दिवशी आली. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल, डब्यात घरची चकली घेऊन आलेली. पाकीट तिने लगेच हातात घेतलं नाही, आधी ओढणीला हात पुसले. मग ते घेऊन खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली.

वळली ती पर्स उघडतच. तिला तिने लावलेला सगळा आकडा द्यायचा होता. बाई घ्यायला तयार नव्हत्या.

"नाशिकवाल्यानं जेवढे दिले असते तेवढेच दे."

"माझ्या बाबाचा हात स्वस्त करून राहिल्या तुम्ही?"

"अन् तू मले लुटारू करून राहिली!"

एक वर चढतेय, दुसरी खाली उतरतेय. साहेब म्हणाले, असा उलटा लिलाव मी जन्मात पाहिला नाही, आणि माझ्याकडे वळले, "तूच सांग वं, कोणाचं बरोबर?" दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या तशी मी चहा ठेवायला पळाले. परत आले तोवर ठरलेलं होतं. किती ठरलं ते मला आजही माहीत नाही.

आता बाई आणि साहेब हैदराबादला मुलाकडे असतात. लिलाव बंद झाला. त्या घराखालून जाताना मी वर बघते, खिडकीतला कूलर अजून तसाच आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या दिवशीच्या त्या दोघीच येतात.

त्या दिवशी चहा पिता पिता बाईंनी विचारलं, "कसा मारायचे वं तुझे बाबा? दाखव ना." पार्सलांवर मारायचा पत्त्याचा रबरी शिक्का आणि शाईचा डबा त्यांनी पुढे केला. साहेबांचा पेपर त्यांच्या हातातून काढून जमिनीवर पसरला. मुलगी लाजली, मग बसली आणि डाव्या हाताने शिक्का मारला. सरळ आला. ती कसनुशी झाली. "मी उजवी हावो ना. मी आईवर गेली."

"थांब, मी पाहते," म्हणत बाईंनी शिक्का डाव्या हातात घेतला. त्यांचाही सरळ. पुन्हा सरळ. पेपरच्या मथळ्यांवर शिक्केच शिक्के, दोघींची बोटं शाईने निळी.

"नुसत्या मनगटानं नाही वो काकू," ती एकदम म्हणाली. "ते खांद्यातून मारायचे. डब्बा घेऊन जायची ना मी, पाहायची." तिने मागून येऊन बाईंच्या हातावर आपला हात ठेवला, कोपर जरा बाहेर ओढलं, खांदा वर उचलला आणि दोघींचा हात एकदमच धपकन खाली आला.

शिक्का फाकला होता, अर्धा शाईत बुडाला होता, आणि डाव्या अंगाला चांगलाच कलला होता.

"हा," ती म्हणाली. "हा आमच्या बाबाचा."