तिरप्या उजेडातल्या नोटा

...आणि त्या दिवसापासून आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या शर्टावर कडकमामांची कोर उमटायला लागली, इथवर काल मी आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडा मागे जातो. गोष्ट माझी आहे, मागेपुढे करायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

कडकमामा म्हणजे आमच्या रस्त्यावरचे इस्त्रीवाले. मामा ते सगळ्यांचेच होते, आणि कडक हे नाव त्यांनी खळ घातलेल्या कॉलरींमुळे पडलेलं. यांनी इस्त्री केलेला शर्ट खुंटीला टांगावा लागत नाही, कोपऱ्यात उभा करून ठेवता येतो, असं मी म्हणायचो. त्यावर मामा मान वर न करता म्हणायचे, "आणि तुम्ही आत शिरलात की मटकन बसतो."

तर त्यांची ती कोळशाची जड इस्त्री एकदा टेबलावरून निसटली आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटली. बुडाला कडेशी एक टवका उडाला. तिथे जी बारीक धार राहिली, ती कपड्यावर रेघ उठवायची. रेघ कसली, कापलेल्या नखाएवढी कोर. समोरून बघितलं तर काही दिसायचं नाही. कापड उजेडात तिरपं धरलं तरच दिसायची. लोकांनी सांगितलं, मामा, कानशीने घासून घ्या. मामा म्हणाले, राहू दे, माझी सही आहे. मग ते हिशेबाने हात फिरवायला लागले. कोर यायची ती शर्टाच्या डाव्या टोकाला, जिथे तो पॅन्टीत खोचला जातो. मामांच्या लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा होणारे व्याही, तेही मामांचेच गिऱ्हाईक, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरगी यायच्या आधीच आमच्या घराण्यावर तुमचा शिक्का बसला." दोन्ही घरं पोट धरून हसली होती. हे लक्षात ठेवा.

आता नोटांकडे येतो. मामांच्या दुकानापासून चार दारं पलीकडे भिंगवाला बसायचा. जुनी नाणी, जुनी तिकिटं, जुन्या नोटा यांचा व्यापार. डोळ्याला भिंग लावूनच जन्माला आला असावा असा माणूस. आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. एक दिवस तो मामांकडे एक मऊ, मळकट, मधोमध घडी पडून फाटायच्या बेतात आलेली नोट घेऊन आला. चलनातून कधीच गेलेली. म्हणाला, मामा, हिला जरा माणसात आणता का?

मामांना काम कसं करावं ते कुणी शिकवायला नको होतं. दुकानात माझी बाकावरची जागा ठरलेली, त्यामुळे मी सगळं बघितलं आहे. आधी ओल्या मलमलीत नोट गुंडाळून ठेवायची. घडी सैल झाली की तांदळाची अगदी पातळ खळ कापसाच्या बोळ्याने फिरवायची. मग टिपकागद वर, टिपकागद खाली आणि इस्त्री कोमट. शेवटचा एक हात मात्र उघड्या इस्त्रीचा, त्याशिवाय चकाकी येत नाही. नोट अशी निघाली की जणू आत्ताच छापखान्यातून आली. भिंगवाल्याने ती दोन बोटांनी कानाशी नेऊन वाजवली आणि मजुरी देऊन गेला. पुढच्या आठवड्यात तो गठ्ठाच घेऊन आला.

एवढ्या नोटांचं करता काय, असं मामांनी एकदाच विचारलं. लोक चौकटीत घालून भिंतीला लावतात, तो म्हणाला, भिंतीवरची वस्तू नीटनेटकी नको का? उत्तर पटण्यासारखं होतं. मामांनी पुन्हा विचारलं नाही. वर्षानुवर्षं मऊ नोटा या दारातून आत यायच्या आणि ताठ होऊन त्या दाराने जायच्या.

पण हाताखालून रोज जी वस्तू जाते, तिचा नाद लागतोच. मामांनी भाव विचारायला सुरुवात केली. कधीही न वापरलेल्या जुन्या नोटेला काय मिळतं हे कळलं तेव्हा त्यांनी इस्त्री तिवईवर ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, बँकेत ठेवलं तर व्याज घटतं, सोनं घेतलं तर झोप जाते, पण जुनी नोट काही न करता दर वर्षी आणखी जुनी होते. जुनं होणं हाच तिचा धंदा. मी म्हटलं, या न्यायाने माझी बायको आज श्रीमंत असायला हवी.

साठवलेले पैसे घेऊन ते भिंगवाल्याकडेच गेले. आणि बघा हं, भिंगवाल्याने त्यांना काही विकलं नाही. उलट म्हणाला, "माझ्याकडून नका घेऊ मामा, माझा माल भिंतीवरचा. अस्सल माल मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मिळतो, बंद पाकिटात, चिठ्ठीसकट." हातचं गिऱ्हाईक सोडणारा व्यापारी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. त्यांचा विश्वास शंभरपट वाढला. माझ्या मात्र मानेवरून का कोण जाणे गार वारा गेला. मी दार ढकलून घेतलं.

प्रदर्शनातल्या माणसाने मामांना आरपार दिसणारी बंद पाकिटं दिली, नोटा अस्सल असल्याच्या चिठ्ठ्या दिल्या आणि तीन गोष्टी बजावल्या. पाकीट उघडायचं नाही, नाहीतर किंमत गेली. हात लावायचा नाही. आणि उजेडात धरायचं नाही, रंग उडतो. मामांनी पत्र्याची पेटी घेतली, आतून काळं कापड लावलं आणि पेटी खाटेखाली सरकवली. पुढे दर वर्षी प्रदर्शनाला जायचे, एक-दोन पाकिटं आणायचे, अंधारात घालायचे. मामी त्या पेटीला सवत म्हणायच्या. मला म्हणाल्या होत्या, घरात पैसा आहे आणि त्याचं तोंड बघायची चोरी, असला पैसा कधी ऐकलाय का? झाडताना त्या झाडू पेटीपर्यंत न्यायच्या आणि तिथून वळवायच्या.

अशी बरीच वर्षं गेली. मग आमच्या त्या दुकानांच्या ओळीचा मालक वारला आणि पोरांनी सगळी ओळ एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. भाडेकऱ्यांना एवढीच सवलत, की वर्ष संपायच्या आत बिल्डर देणार तेवढ्याच दराने पैसे भरले तर आपला गाळा आपल्या नावावर, नाहीतर किल्ली द्यायची. टेप घेऊन माणसं फिरायला लागली. कुणाशी बोलायची नाहीत, मोजायची आणि जायची. ज्याने किल्ली दिली त्याच्या शटरवर लाल रंगाची फुली. आधी बटणांच्या दुकानावर आली, मग घड्याळजीवर, मग चष्मेवाल्यावर. सकाळी चहा घेऊन यावं तर ओळीत एक फुली वाढलेली. मामा मात्र मजेत होते. त्यांचा जन्म त्या गाळ्यात गेला होता. आता तो त्यांच्या मालकीचा होणार होता, कारण खाटेखाली पेटी होती.

मग एका दुपारी पेटी विकायला काढली. एक कडी त्यांनी धरली, एक मी धरली. भिंगवाला दारातच उभा होता, जणू वाट बघत होता. त्याने पहिलं पाकीट उचललं. भिंग कपाळावरच राहू दिलं. खिडकीपाशी गेला, पाकीट थोडं कलतं केलं आणि परत आणून ठेवलं. दुसरं तसंच. तिसरं तसंच.

"मामा, याला भिंग नको," तो म्हणाला. "तिरपी धरून बघा."

मामांनी बघितली. मग माझ्याकडे दिली. नोटेच्या डाव्या कोपऱ्यात, चकाकीच्या आत, कापलेल्या नखाएवढी कोर होती.

आम्ही सगळी पाकिटं खिडकीशी नेली. काही थोड्यांत नव्हती. बाकी सगळ्यांत होती. चार दारं पलीकडून मजुरी घेऊन पाठवलेला माल जग फिरून, चिठ्ठी लावून, मामांच्याच खाटेखाली येऊन झोपला होता. धुतलेल्या, खळ घातलेल्या नोटेला जाणकाराच्या बाजारात काय मिळतं, तेही भिंगवाल्याने सांगितलं. चहापाणी निघालं असतं.

मामांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माझ्या दारातून नोट गेली की पुढे कुठे जाते ते मी विचारत नाही. तुम्हीही एकदाच विचारलं होतंत." मग त्याने पाकिटं एकावर एक नीट रचून पेटीत ठेवली, काळं कापड सारखं केलं. "माल वाईट नाही, मामा. फक्त मला विकू नका. मला माहीत आहे, म्हणून मला विकू नका. ज्याला माहीत नाही असा कुणीतरी असेलच की."

परत येताना पेटी आधीपेक्षा जड लागली. मामींना मामा काही बोलले नाहीत. पेटी परत खाटेखाली गेली. त्या आठवड्यात त्यांच्या हातून एक कॉलर जळाली. जन्मात पहिली. त्यांनी ती गिऱ्हाइकाला भरून दिली, पण तो करपट वास दुकानातून जाईना. शेजारच्या शिंप्याच्या शटरवर फुली आली. आता ओळीत दोनच दारं उघडी होती, मामांचं आणि भिंगवाल्याचं.

आणि मग व्याही आले.

व्याही गोदामात कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले. बोलका माणूस, टोमणा मारल्याशिवाय चहा उतरायचा नाही. "लेक दिलीत, पेटी मात्र ठेवून घेतलीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्तीचे एकरकमी पैसे हातात आलेले. त्यातून घरावर वरची खोली बांधायची होती, मामांची लेक, जावई आणि त्यांच्या तान्ह्यासाठी. खाली एका खोलीत सगळे कसेबसे राहत होते. पण मामांचा गाळा जातोय हे सुनेकडून कळलं आणि व्याह्यांनी बेत बदलला. बाकावर मला सरकवून बसले, मांडीवर पैशाची पिशवी. म्हणाले, खोली दोन वर्षांनी बांधू, पळून जात नाही. तुमच्या सगळ्या नोटा मी घेतो, तुम्ही दिला त्यापेक्षा वर भाव देतो. तुमचा गाळा राहील, माझा पैसा वाढेल, आणि पेटी शेवटी आमच्याच घरी येईल. आधीच दिली असतीत तर एवढी पायपीट वाचली असती.

मी मामांकडे बघितलं. ते एका बाहीवर इस्त्री फिरवत होते. पुढे, मागे, पुढे.

मामींनी आतून ऐकलं असावं. त्या चहा घेऊन आल्या, आणि कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा मोकळा बघितला नव्हता. व्याह्यांना म्हणाल्या, तुम्ही देवासारखे आलात. मग स्वतःच घरात जाऊन पेटी ओढत घेऊन आल्या आणि टेबलाशेजारी ठेवली. त्या पेटीला त्यांनी हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

व्याही खुशीत होते. चहाचा घोट घेऊन म्हणाले, मी आपला कारकून माणूस, चौकशी केल्याशिवाय गोणीसुद्धा उचलत नाही. येतानाच त्या भिंगवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, मामांचा माल ना, डोळे मिटून घ्या.

मामांचा हात थांबला. बाहेर टेपवाली माणसं आली होती. त्यांनी आमच्या उंबऱ्यापाशी टेपचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं ओढत भिंगवाल्याच्या दाराकडे नेलं. कोळसा आतल्या आत फुटल्याचा आवाज आला. मामा एकदा मामींकडे बघत होते, एकदा त्या पिशवीकडे. इस्त्री बाहीवरच होती. मला पुन्हा तो करपट वास यायला लागला. मी हात पुढे करणार, तेवढ्यात त्यांनी ती उचलून तिवईवर ठेवली.

व्याह्यांनी पेटीचं झाकण उघडलं, वरचं पाकीट दोन बोटांत धरलं आणि शेवटचं म्हणून विचारलं, "एवढंच सांगा मामा. या नोटांना कधी कुणाचा हात तर लागलेला नाही ना?"

मामा म्हणाले, "व्याही, आधी तुमच्या शर्टाचं डावं टोक पॅन्टीतून बाहेर काढा आणि त्या दाराच्या उजेडात तिरपं धरा. मग हातातली ती नोट तशीच धरा. आणि मग मला विचारा, हात कुणाचा लागलाय ते."