चार कॉलमचा फोटो

दुसऱ्यांनी लिहिलेलं कापणं हे माझं काम. बहरीनमधल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात एकोणीस वर्षं मी तेच करतो आहे. त्या कामात मी एकदा एक गोष्ट केली. ती कुणालाही ठाऊक नाही. ज्याच्या बाबतीत केली, त्यालाही नाही. दर शुक्रवारी तो माझ्याकडे येतो किंवा मी त्याच्याकडे जातो, आणि आम्ही सोबत जेवतो.

सरळ सांगता येईल? महत्त्वाचं पहिल्या वाक्यात यावं, असं मी नव्या लोकांना शिकवत आलोय. इथे मला ते जमत नाहीये — तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याचं नाव मिलिंद. अकोल्याचा. सित्राच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात टेक्निशियन आहे. मी इथे आलो तेव्हा त्या भागाला लागून असलेल्या मआमीर गावात आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यामुळे गाणं घरातलंच. पण याच्या हाती लागली गिटार. कारखान्यातल्या एका अमेरिकन इंजिनियरनं त्याला स्वतःकडची कंट्री रॉकची गाणी दिली — लांब रस्ते, ट्रक, घर सोडलेली माणसं. मिलिंद म्हणाला, हे तर आपलंच आहे, भाषा तेवढी दुसरी. आणि तो तशी गाणी मराठीत लिहायला लागला. त्याच्या शिफ्टमधला एक फिलिपिनो फोरमन स्टील गिटार वाजवायचा. दोघांनी मिळून खोलीतच, दाराला गाद्या लावून, पहिला अल्बम रेकॉर्ड केला. मराठी मंडळातले लोक त्याला 'वऱ्हाडी काऊबॉय' म्हणायचे. तो हसायचा, आणि पुढचं गाणं लिहायचा.

तो फार लिहायचा. तेरा वर्षांत सतरा अल्बम. पहिले दोन खरोखर चांगले होते. त्यानंतरचे — काय सांगू? तीच चाल, तोच विमानतळ, तीच गावाकडे वाट पाहणारी आई. सुट्टी मिळाली की गाणं, सुट्टी नाकारली तरी गाणं. आणि त्यातला प्रत्येक अल्बम मी उचलून धरला. मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत त्याच्यावर लिहिलं, लोकांना लिंक पाठवल्या, कार्यक्रमात त्याला वेळ मिळावा म्हणून भांडलो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा.

मी ढोंग करत नव्हतो. त्याची वाईट गाणी मला मनापासून आवडायची. का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. नंतर कळलं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मलाही लिहायचं होतं. कोणाला नसतं? माझ्याकडे एक वही होती, अजून आहे. तिच्यात पुढे लिहायच्या गोष्टींची यादी आहे. एका पानावर एकच शब्द आहे — इस्त्री.

मी बहरीनला आल्यावर तीन महिन्यांत माझे वडील वारले, साताऱ्याला. माझी व्हिसाची कागदपत्रं पूर्ण झाली नव्हती, पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकला होता. जाता आलं नाही. सकाळी फोन आला आणि मी शर्टांना इस्त्री करायला घेतली. सहा शर्ट. मग कामावर गेलो. मी इस्त्री करत होतो तेव्हा मिलिंद नाइट शिफ्ट करून नुकताच आला होता, पलंगावर बसून बूट काढत होता. त्या सकाळी आम्ही काहीच बोललो नाही. पुढे खूप वर्षांनी त्यानं मला विचारलं होतं, त्या सकाळचं तू कधी लिहिणार आहेस का? मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, नाहीतर मी लिहू? मी म्हणालो, लिही की.

म्हणजे त्यानं परवानगी मागितली होती. मी दिली होती. हे नीट नोंदवून ठेवतो.

सतराव्या अल्बमनंतर तो दोन वर्षं गप्प राहिला. तोवर लग्न होऊन, मुलगी होऊन, तो अरादला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. मला वाटलं, संपलं. खरं सांगतो — मला हलकं वाटलं होतं. मग एका शुक्रवारी तो गाडी घेऊन माझ्या दारात आला, बस म्हणाला. माझ्या घरापासून रिफापर्यंत आणि परत, गाडीत त्यानं मला नवा अल्बम ऐकवला. आठच गाणी. आवाज खाली आलेला, वयानं थोडा चिरकलेला. गिटार जेवढी लागते तेवढीच. तेरा वर्षं जो माणूस सगळं सांगून टाकायचा, तो आता अर्धं सांगून थांबत होता.

पाचवं गाणं इस्त्रीचं होतं.

त्यात वडील नाहीत, फोन नाही, मृत्यूचा शब्दही नाही. एक माणूस इस्त्री करतोय. कॉलर, बाह्या, परत कॉलर. आणि शेवटी —

पाच सदरे त्याच्या मापाचे, सहावा थोडा मोठा,
सहाव्याला इस्त्री करताना त्यानं पंखा बंद केला.

सहावा शर्ट वडिलांचा होता. मी घरून येताना आणला होता. खोलीत ते कुणाला ठाऊक नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यानं बूट काढता काढता बघितलं होतं. आणि पंखा — मी पंखा बंद केला होता का? मला आठवत नाही. पण ते गाणं ऐकल्यापासून मला ती सकाळ पंखा बंद केलेलीच आठवते. माझी आठवणसुद्धा आता त्याच्या चालीवर चालते.

तुम्हाला वाटेल, मला रडू आलं असेल. आलं नाही. मला राग आला. सतरा अल्बम वाईट काढून झाल्यावर, पन्नाशीत, याला हे सुचलं कसं? ज्याला थांबणं माहीत नव्हतं, त्याला माझ्याच घरच्या मरणावर येऊन थांबता आलं? आणि मी — नेमकेपणाचे धडे देणारा मी — एका शब्दापुढे गेलो नव्हतो.

रिफाच्या मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून त्यानं विचारलं, कसा झाला. मी म्हणालो, चांगला झालाय.

"तू तं सगळ्यालेच चांगलं म्हणतं," तो म्हणाला. "तू यावर लिहू नको बाप्पा. तू माया घरचा. मले परक्या माणसाचं पाहिजे. डिमेलो मॅडमले लिंक धाडली मी. तू मधात पडू नको. तिनं बेकार म्हटलं तं सोडून देतो हे सगळं. पन्नास झाले आता."

डिमेलो मॅडम आमच्या पेपरात दर आठवड्याला संगीतावर लिहायच्या. मूळच्या वसईच्या, घरी मराठी, इथे शाळेत पियानो शिकवायच्या. कुणाची भीड न धरणाऱ्या. त्यांची लिहायची एक रीत होती — आधी सगळे दोष, एकेक करून, आणि जे खरं म्हणायचं ते शेवटी. वर्तमानपत्रात याच्या उलट चालतं. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, कारण खाली कमी महत्त्वाचं असतं. म्हणून आमच्या डेस्कवर एक नियम होता: मॅडमची कॉपी खालून कापायची नाही, मधून कापायची. कुठेही लिहून ठेवलेला नव्हता. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो मी सांगायचो.

त्यांचं परीक्षण मंगळवारी आलं आणि त्या भाचीच्या लग्नाला वसईला गेल्या. पान मी लावायचं होतं.

मी ते तीनदा वाचलं. पहिला अर्धा भाग कडक होता. ड्रम उगाच मोठे, दोन गाणी जुन्या चालींची, आणि सतरा अल्बम काढणाऱ्यानं लोकांनी अठरावा ऐकावा ही अपेक्षा का ठेवावी. तो भाग या वाक्यावर संपत होता: इतकं लिहिणाऱ्या माणसाला आपलं चांगलं कोणतं, हेच कळेनासं होतं. पुढचा परिच्छेद असा सुरू होत होता: पण या वेळी त्याला ते कळलं आहे. त्यानंतर तीन परिच्छेद. पहिल्या दोन अल्बमांत दिसलेला माणूस पिकून परत आला आहे, असं त्यात होतं. शेवटचा सगळा परिच्छेद इस्त्रीच्या गाण्यावर. 'या बेटावर राहून गेलेल्या कुणीही आपल्या भाषेत याहून चांगलं काही लिहिलेलं मला माहीत नाही.'

कुणीही. त्यात मीही आलो, नाही का?

पानावर जागा होती. हे मला स्पष्ट लिहायला हवं. जाहिरात आली नव्हती, बातमी वाढली नव्हती. मजकूर पूर्ण बसत होता. मिलिंदचा फोटो तीन कॉलमचा होता. मी तो चार कॉलमचा केला. फोटो वाढला की मजकुराची चौकट आखडते, आणि न बसलेल्या मजकुराची लाल खूण तिच्या कोपऱ्यात येते. ती खूण जाईपर्यंत मी खालून कापलं. मग ती गेली तरी आणखी थोडं कापलं — बरोबर 'पण'च्या आधीपर्यंत. उरलेल्या पांढऱ्या जागेसाठी फोटो अजून जरा खाली ओढला. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. संपादकांनी पान पाहिलं, फोटो छान आहे म्हणाले. वेबसाइटवरही पानातला मजकूर जसाच्या तसा जातो. तो गेला.

शनिवारी मिलिंदचा फोन आला. मी तयारी करून बसलो होतो. तो म्हणाला, "फोटो केवढा मोठा लावला बे! मायले धाडला मी अकोल्याले." परीक्षणाबद्दल तो काही बोलला नाही. माझे आभार मानले. मी म्हणालो, अरे, तेवढं तर करणारच.

तीन आठवड्यांनी मॅडम परत आल्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"पहिला अर्धा छापलास," त्या म्हणाल्या. "मला म्हणायचं होतं ते दुसऱ्यात होतं. तुला माहीत आहे मी कशी लिहिते."

मी म्हणालो, शेवटच्या क्षणी जाहिरात आली, नवीन माणूस पानावर होता. नवीन माणूस! त्या म्हणाल्या, त्याचा नंबर दे, मी त्याला पूर्ण पाठवते, बिचाऱ्याला काय वाटलं असेल. तर मी सांगितलं की मूळ प्रत मी त्याला कधीच दिली आहे, वाचून तो खूश झालाय. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. सहा महिन्यांनी त्या निवृत्त होऊन वसईला गेल्या.

एक खोटं झाकायला चार लागली, मोजून. कापणं रागाच्या भरात झालं असं म्हणता येईल, पण जिन्यात मला राग आलेला नव्हता. तिथे मी अगदी शांत होतो.

जिन्यातल्या त्या भेटीनंतरच्याच एका शुक्रवारी आम्ही अरादला त्याच्या घरी जेवत होतो. त्याची बायको मुलीला घेऊन शेजारी गेली होती. मिलिंदनं वरण वाढता वाढता, माझ्याकडे न बघता विचारलं —

"मॅडमचं बरोबर हाय ना? तू खरं सांग. आता तू खरं सांगू शकतं."

मूळ परीक्षण माझ्या फोनमध्ये होतं. फोन माझ्या ताटाशेजारी होता. ते उघडून त्याच्यापुढे धरायला किती वेळ लागला असता?

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो.

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मलेही तसंच वाटत होतं." आणि मला आणखी भात हवा का, असं विचारलं. मी घेतला.

याला तीन वर्षं झाली. त्यानं त्यानंतर काही लिहिलेलं नाही. गिटार त्यानं फिलिपिनो फोरमनला दिली, तो रिटायर होऊन घरी जात होता तेव्हा. कारखान्यात त्याला बढती मिळाली. तब्येत बरी आहे. परीक्षण अजून माझ्याकडे आहे. मी ते अधूनमधून वाचतो, शेवटचा परिच्छेद सोडून.

मागच्या महिन्यात मंडळाच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी माइकवरून त्याचं नाव घेतलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, मागून एकजण ओरडला, काऊबॉय, होऊन जाऊ दे. तो खुर्चीत बसल्या बसल्या हात हलवत नाही-नाही म्हणत होता. टाळ्या थांबेनात. मग त्याच्या मुलीनं, ती आता बारा वर्षांची आहे, त्याचा शर्ट ओढला. तो अर्धवट उठला. मी पाहिलं — तो उठत होता.

मी माइकपाशी गेलो आणि म्हणालो, आग्रह करू नका, त्याला आता त्रास होतो. सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या नाचाचं संगीत सुरू झालं. तो परत खाली बसला आणि माझ्याकडे बघून त्यानं मान तुकवली, उपकार मानल्यासारखी.

मला बरं वाटलं.